गाण्यासाठी घर सोडू का?

दोस्तांनो,

या आठवड्यात खरं तर मी तुम्हाला पतंगाच्या मांज्याची गोष्ट सांगणार होतो. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण मंगळवारच्या टपालानं एक पाकीट आलं आणि मांजा बाजूलाच राहिला. पाकीट आलं होतं कोयनानगरहून. आत वहीची फाडलेली तीन पानं, पाठपोट लिहिलेली. एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब पडून अक्षरं फुटलेली. कोयनानगरचं पत्र म्हणजे त्यावर पाऊस असायचाच, नाही का?

पत्र लिहिणारा मुलगा नववीत आहे. 'नाव छापू नका' असं त्यानं दोनदा अधोरेखित केलंय, म्हणून छापत नाही. आपण त्याला आजच्यापुरतं 'कोयनेकर' म्हणू. तर हा कोयनेकर देवळातल्या भजनी मंडळात जाऊन बसतो. पेटी वाजवणाऱ्या काकांची बोटं बघून बघून पेटी शिकला. आता तो स्वतःच्या चाली बांधतो आणि आईच्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो. अशा अकरा चाली झाल्यात. ऐकायला मात्र कुणी नाही. घरात कुणी गाणारं नाही; आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, पण गिरणी झाल्यापासून जातं माळ्यावर आणि ओव्याही माळ्यावर. वडिलांना वाटतं, पोरानं दहावीनंतर आयटीआयला जावं. ते त्याला म्हणाले, "राजेमहाराजे होते तेव्हा गवई पोसले जायचे. आता तुला कोण पोसणार?"

आणि पत्राच्या शेवटी ही ओळ : "काका, मोठेमोठे गवई घर सोडून पळाले आणि मग मोठे झाले असं मी वाचलंय. मीपण जाऊ का? लवकर कळवा."

हे पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चहा निवला. अशा पत्राला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देऊन चालत नाही. म्हणून आज मी तुम्हा सगळ्यांना दोन माणसांची गोष्ट सांगणार आहे. एक गुरू आणि एक शिष्य. पहिला घर सोडून गेला होता. दुसऱ्यानं काय केलं, ते ऐकाच.

कोयनेकर, तुझ्या धरणातलं पाणी दोन वाटांनी जातं हे तुला मी सांगायला नको. एक वाट पश्चिमेकडची. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीकडे कोसळतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. दुसरी वाट पूर्वेकडची, म्हणजे कोयनेचं मूळचं पात्र. ते पाटणवरून कऱ्हाडला येतं, तिथं प्रीतिसंगमावर कृष्णेत शिरतं. मग औदुंबर, सांगली असं करत खाली नरसोबाच्या वाडीला पोचतं. वाडीच्या शेजारीच आहे कुरुंदवाड. आपली गोष्ट या दुसऱ्या वाटेवरची आहे. म्हणजे तुमच्याच पाण्याच्या काठची!

कुरुंदवाड हे तेव्हा पटवर्धनांचं लहानसं संस्थान होतं. तिथं १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी मुलगा जन्मला. नाव विष्णू. वडिलांचं नाव दिगंबरबुवा. घराणं मूळचं गाडगीळ, पण पूर्वज पलूस गावचे म्हणून पलुसकर. (पलूस सांगली जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडीजवळ.) कीर्तनकाराच्या घरचं पोर म्हणजे टाळ-मृदंग, आर्या, साक्या, पदं हे सगळं कानावर पडतच ते वाढणार. दिगंबरबुवा कीर्तनाला उभे राहिले की विष्णू ऐकत असे. पुढं गवई होईल असं कुणाच्याही मनात नव्हतं. शाळेत जायचा, चार पोरांसारखा खेळायचा.

मग एका दत्तजयंतीला घात झाला. उत्सवात फटाके उडत होते. एक फटाका विष्णूच्या चेहऱ्याजवळच फुटला. डोळे भाजले. गावात तातडीचा इलाज होईल अशी सोय नव्हती. पुढं उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं, पण फार उशीर झाला होता. नजर अगदी पूर्ण गेली नाही, अंधूक राहिली. पण पुस्तक वाचणं संपलं, शाळा संपली. दिवाळीत हातात सुतळी बॉम्ब धरून पेटवणाऱ्या शूरवीरांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. मी पुढं काही बोलत नाही.

आता या मुलाचं करायचं काय? त्या काळी ज्याची नजर गेली त्याच्यापुढं फार वाटा नसत. पण त्याचा गळा चांगला होता. मिरजेच्या डॉक्टरांच्या ते लक्षात आलं आणि मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांनी त्याची गाणं शिकायची सोय करून दिली. गुरू होते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. हे आपल्या गोष्टीतले पहिले गृहस्थ, घर सोडून गेलेले.

बुवा १८४९ सालचे, इचलकरंजीजवळच्या चंदूरचे. त्यांना ख्याल शिकायचा होता आणि ख्याल गाणारे मोठे उस्ताद होते उत्तरेत, ग्वाल्हेरला. आपल्याकडे तेव्हा कीर्तन होतं, लावणी होती, पोवाडा होता, पण ते ग्वाल्हेरचं गाणं शिकवायला कुणी नव्हतं. मग बुवा निघाले. आजच्यासारखी गाडी नाही, हातात पैसा नाही. धारला देवजीबुवांकडे काही काळ शिकले. तिथं टिकता आलं नाही. शेवटी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींच्या पायाशी जाऊन बसले. शिकणं म्हणजे काय, तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा तो जे देईल ते उचलायचं. आज दिलं तर दिलं. चार महिने एकच चीज घोटून घेतली तर का म्हणून विचारायचं नाही. कागदावर लिहून घ्यायची तर बातच नको. अशी किती तरी वर्षं काढून बुवा ग्वाल्हेरचं गाणं गळ्यात घेऊन महाराष्ट्रात परतले. आज महाराष्ट्रात जे ख्यालगायन ऐकू येतं, त्यातला फार मोठा भाग या एका माणसाच्या पायपिटीमुळे इकडे आलेला आहे.

बुवा मुंबईत राहिले, तिथं 'संगीतदर्पण' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. पण मुंबईची दमट हवा काही मानवेना. दमा जडला. गवयाला दमा! म्हणून ते कोरड्या हवेच्या मिरजेला आले. कोयनानगरला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मिरजेला त्याच्या पावपटही नाही. विचार करा, बुवांना मुंबई मानवली असती, तर विष्णूला गुरू कोण मिळाला असता?

मिरज हे गाव गाण्याच्या बाबतीत जरा वेगळंच आहे. इथं आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तंबोरा पाहिलाय ना तुम्ही? त्याचा तो मोठा गोल भाग हा खराखुरा भोपळा असतो, वाळवलेला. खाण्याचा नव्हे, कडू, जाड सालीचा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानांत मी गेलो होतो तेव्हा असे भोपळे एकावर एक रचून ठेवलेले दिसले, बाजारात कलिंगडं रचतात तसे. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं. तेव्हा सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता नव्या घडवायला सुरुवात केली. तेव्हापासून ती कला त्या घराण्यांत चालत आली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि त्या तंबोऱ्यातली गंमत बघा. तारा घोडीवरून जातात, तिथं प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो दोरा केसभर पुढं-मागं केला की तारेचा आवाज एकदम खुलतो, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा भरून येतो. याला म्हणतात जवारी. दोरा नसेल तर तार नुसती 'टण्' करते. हे काम डोळ्यांनी होत नाही, कानांनी होतं. दुकानातल्या वयस्क कारागिरानं दोरा हलवताना डोळे मिटून घेतले होते. मला तेव्हा तो फटाक्यानं डोळे भाजलेला विष्णूच आठवला.

विष्णू बुवांकडे साधारण नऊ वर्षं शिकला. शिस्त ग्वाल्हेरसारखीच. पहाटे उठून खर्ज, मग पलटे, ताना, तासन् तास. लिहून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नजर नाही; सगळं कानात आणि गळ्यात साठवायचं. संस्थानचा आश्रय होता, जेवणाखाण्याची ददात नव्हती. असंच चाललं असतं तर विष्णू मिरजेचा दरबारी गवई झाला असता, दसऱ्याला शालजोडी मिळाली असती आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.

पण मध्ये एक प्रसंग घडला. तो त्यांच्या चरित्रांत असा सांगतात : मिरजेत कसलीशी सभा होती. गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं. राजाच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णूलाही होतं. पण त्याच्या गुरूला, खुद्द बाळकृष्णबुवांना, बोलावणं नव्हतं. विष्णूनं कारण विचारलं, तर उत्तर आलं की ते काय, गवई आहेत!

उत्तर देणाऱ्याला आपण काही वावगं बोललो असं वाटलंही नसेल. त्या काळी तसंच होतं. गाणं ऐकायला सगळ्यांना आवडायचं, पण गाणाऱ्याला सभेत खुर्ची नाही. राजे-सरदार गवयाला पोसत, ही गोष्ट कोयनेकरचे वडील म्हणतात तशी खरीच आहे. पण पोसणं आणि मान देणं यात फरक असतो, आणि जो पोसतो तो कधी गायचं, काय गायचं, किती वेळ गायचं हेही ठरवतो.

विष्णूला ते लागलं. १८९६ साली, चोविशीत, त्यानं मिरज सोडली. घरातून पळाला असं नव्हे. शिक्षण पुरं झालं होतं. पण आश्रय सोडला, पगार सोडला, ओळखीचं गाव सोडलं. अंधूक डोळे, बरोबर साथीला एक-दोन जण. औंध, सातारा, बडोदा असं करत तो गात गात सौराष्ट्राकडे सरकला.

आणि तिथं त्यानं एक नवलाची गोष्ट केली. गाण्याला तिकीट लावलं!

आज तुम्ही म्हणाल, यात काय नवल? पण थांबा. नाटकाला तिकीट काढून जायची लोकांना सवय झाली होती. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक रंगभूमीवर आणलं, त्यालाही पन्नास वर्षं उलटली होती. गाण्याचं मात्र तसं नव्हतं. गाणं व्हायचं दरबारात, देवळात, नाही तर एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात. तुमच्या-आमच्या पणजोबांना तिथं कोण शिरू देणार? बाहेर उभं राहून खिडकीतून येईल तेवढं ऐकायचं. पलुसकरांनी जाहीर जलसा ठेवला, थोडेसे पैसे घेतले आणि ज्यानं पैसे दिले तो आत. मग तो शेठ असो की शिंपी. शास्त्रीय गाण्याचा अशा तऱ्हेचा हा बहुधा भारतातला पहिलाच जलसा.

तर कोयनेकर, वडिलांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर झालं. 'राजा नसेल तर कोण पोसणार?' हा प्रश्न राजे गादीवर असतानाच पलुसकरांनी स्वतःला विचारला होता. उत्तर होतं : ऐकणारे. थोडे थोडे पैसे देणारे पुष्कळ लोक. आजकाल जे तरुण स्वतःच गाणी बांधतात, स्वतःच ध्वनिमुद्रित करून लोकांपुढं ठेवतात, कुठल्याही कंपनीच्या दारात उभे राहत नाहीत, ते तरी दुसरं काय करतात?

पुढं पलुसकर फिरत फिरत पंजाबात पोचले. गिरनारवर एका साधूनं त्यांना तिकडे जायला सांगितलं अशी कथा आहे. खरं-खोटं गिरनारला ठाऊक. ५ मे १९०१ या दिवशी त्यांनी लाहोरला 'गांधर्व महाविद्यालय' उघडलं. वय अठ्ठावीस. गाव परकं, भाषा परकी. सुरुवातीला म्हणे कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. पलुसकर वेळेवर येत, तंबोरा लावत आणि वर्ग भरल्यासारखे एकटेच गात बसत. तास संपला की उठत. मला या माणसाचं हे चित्र सगळ्यांत जास्त आवडतं. रिकामी सतरंजी आणि समोर गाणारा मास्तर.

हळूहळू मुलं आली. आणि त्यांना काय मिळालं पाहा. वेळापत्रक! इयत्ता! परीक्षा! फी भरायची, ठरलेल्या वेळी यायचं, शिकून घरी जायचं. गुरूच्या घरी पाणी भरायला नको, त्याच्या मर्जीची वाट बघायला नको. शाळा राजाच्या तिजोरीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि फीवर चालायची. मुलींसाठीही वर्ग निघाले. त्या काळच्या चांगल्या घरांतल्या मंडळींच्या भुवया किती वर गेल्या असतील, कल्पना करा.

लिहिण्याचंही बघा. ज्याला स्वतःला कधी काही लिहून घेता आलं नाही, त्यानं गाणं लिहायची पद्धत तयार केली. कुठल्या सुरावर किती मात्रा थांबायचं, हे खुणांनी दाखवायचं. 'संगीत बालप्रकाश' नावाची मुलांसाठीची पुस्तकं काढली. 'रागप्रवेश' नावाची मालाच काढली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या खुणा मला फार किचकट वाटतात. त्याच सुमारास मुंबईत दुसरे एक विष्णू, विष्णू नारायण भातखंडे, त्यांनीही एक पद्धत बसवली. ती सोपी आहे आणि तीच जास्त पसरली. दोघांचे स्वभाव वेगळे, वाटा वेगळ्या. परीक्षेला 'दोन विष्णूंच्या कार्याची तुलना करा' असा प्रश्न आला की मुलं ज्याचं त्याला चिकटवून मोकळी होतात. तुम्ही तसं करू नका.

याशिवाय एक खास वर्ग होता, उपदेशक वर्ग. इथं मुलं नऊ वर्षांच्या करारावर राहत. जेवण, कपडा, शिक्षण सगळं शाळेचं. त्या बदल्यात शिकून दुसऱ्या गावी जाऊन शिकवायचं. शिस्त फार कडक. इतकी कडक, की मला त्या वर्गात घातलं असतं तर मी तिसऱ्या दिवशी पळालो असतो. (पळून जायचंच असेल तर तिथून पळावं!) पण त्या वर्गातून निघालेली नावं वाचा : मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, मिरजेचेच बा. र. देवधर. नारायण मोरेश्वर खरे तर गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि १९३० च्या दांडीयात्रेत भजनं गात चालले.

आता इथं थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. म्हणून कोयनेकर, पुढचं तुझ्या वडिलांनाही वाचून दाखव. त्यांची काळजी काही उगीच नाही.

१९०८ साली पलुसकरांनी मुंबईत शाळा काढली. ती इतकी वाढली, की स्वतःची इमारत बांधायचं ठरलं. त्यासाठी कर्ज काढलं. फेडायला जलसे करायचे, त्या पैशातून हप्ते भरायचे, पुन्हा जलसे. गाण्याचं तिकीट पोट भरायला पुरतं, पण इमारतीला पुरलं नाही. शेवटी सावकारांनी इमारत लिलावात काढली. वीस वर्षांची मेहनत हातोड्याच्या तीन ठोक्यांत गेली. पलुसकर नाशिकला गेले, तिथं त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला, भगवी वस्त्रं घातली, रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. वय एकोणसाठ. त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. तोच पुढं डी. व्ही. पलुसकर म्हणून गाजला. आजीला विचारा, 'बैजू बावरा' सिनेमातली जुगलबंदी आठवते का? त्यात अमीर खाँसाहेबांच्या बरोबरीनं गायलाय तो हा मुलगा.

त्याच १९३१ साली शिष्य एकत्र आले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्यापैकी ज्यांनी 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका'ची परीक्षा दिली असेल, हॉलबाहेर भूपाचे आरोह-अवरोह पुटपुटत उभे राहिले असाल, ती या मंडळाची परीक्षा. इमारत गेली, शाळा राहिली ती अशी गावोगावी, कुणाच्या तरी माडीवर, कुणाच्या तरी ओसरीवर.

तर, घर सोडून जाऊ का?

नाही, कोयनेकर. जाऊ नकोस. हे मी घाबरून सांगत नाही. बाळकृष्णबुवा गेले, कारण गाणं ग्वाल्हेरला होतं आणि ते इकडे येण्याची दुसरी सोय नव्हती. ती पायपीट पुढच्या मुलांना करावी लागू नये म्हणूनच त्यांच्या शिष्यानं शाळा, इयत्ता, पुस्तकं हा सगळा खटाटोप केला. घरी राहून, शाळा सांभाळून, संध्याकाळी तासभर गाणं शिकता यावं यासाठी एका माणसानं आपलं घरदार गहाण टाकलं. आणि तू आता बॅग भरून स्टँडवर उभा राहणार?

पाटण किंवा कऱ्हाडला मंडळाच्या परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक कोण आहेत, याची शाळेत चौकशी कर. आठवड्यातून एकदा एस.टी.नं जाऊन येणं जमतंय का, ते आईबाबांशी बोल. आयटीआय आणि गाणं यांचं हाडवैर नाही. हातात कसब असलेल्या माणसाला गाण्यापुढं भीक मागावी लागत नाही. पेटी वाजवतोस ते छान, पण रोज थोडा वेळ पेटी बाजूला ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर सा लाव. तंबोरा नसेल तर मोबाईलवर त्याचे आवाज मिळतात, तेवढ्यानंही काम भागेल. पेटी तुला सूर आयता देते. तंबोरा तो तुझ्याकडून मागून घेतो.

आणि तुझ्या चालींचं काय? त्याबद्दल एक शेवटची हकिगत. वर बा. र. देवधरांचं नाव आलं ना, त्यांच्याकडे मुंबईत एक मुलगा शिकायला होता. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ साली जन्मलेला. त्याला सगळे कुमार गंधर्व म्हणत. लहानपणीच त्याचं नाव झालेलं. पण ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. १९४८ च्या जानेवारीत हवापालटासाठी तो मध्य प्रदेशातल्या देवासला गेला. डॉक्टरांनी गायची बंदी केली. किती दिवस? काही वर्षं! अंथरुणावर पडून करायचं काय? तो ऐकत राहिला. बायका गाणी म्हणत, बाजारहाटाला, सणावाराला. माळव्यातली साधी गाणी, चार-पाच सुरांची. ज्यांना कुणी 'संगीत' म्हणत नव्हतं अशी. त्यानं ती गोळा केली, घोळवली. बरा होऊन १९५३ साली तो पुन्हा गायला लागला तेव्हा त्या गाण्यांतून नवे राग घेऊनच आला. धुनउगम राग म्हणतात त्यांना, धुनीतून उगवलेले. आपल्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक त्यांनी १९६५ साली काढलं. विष्णू दिगंबरांचा शिष्य देवधर, देवधरांचा शिष्य कुमार, आणि कुमारची पुढची गुरू म्हणजे नाव माहीत नसलेली माळव्यातली एखादी मावशी.

तुझ्या पत्रात आजीवर एकच ओळ आहे. 'घरात कुणी गाणारं नाही' असं म्हणून पुढच्याच वाक्यात तू लिहितोस की आजीला ओव्या येतात! अरे, मग गाणारं कोण राहिलं? माळ्यावरचं जातं खाली काढ. जड असेल, वडिलांची मदत घे. आजीला पसाभर नाचणी दळायला बसव आणि मोबाईल चालू करून शेजारी ठेव. जात्याची घरघर आली तरी बंद करू नकोस, तोच तिचा तंबोरा आहे. तिनं ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाट पाहिली असेल, तर त्याच्यावरही एखादी ओवी जोडलेली असेल. विचारून बघ.

मग तुझी बारावी चाल बांध. बांधलीस की मला पाठव, पण त्याआधी एकदा जेवणं झाल्यावर घरात सगळ्यांना ऐकव. वडिलांना आधी.

आणि हो, पाकिटावर पिनकोड लिहायला विसरलास. हे उत्तर टपालानंही धाडायचं होतं, ते त्यामुळं अडलंय. बाकीच्यांनो, मांज्याची गोष्ट पुढच्या अंकात. या वेळी अगदी नक्की.

तुमचा,
काका